मास्तरला दिलेली लेव्हल

४ फेब्रुवारी

कसा आहेस रे रंध्या? पातं ठीक? पोटात भुसा साचला होता, काढला. करवतबाई, तुमचे दात? दोन बोथट झालेत. असू दे, माझेही चार गेले. पटाश्या चौघी बहिणी, चौघी खुशाल. धाकटीला जरा गंज, तेलाचं बोट फिरवलं. गुण्या आपला काटकोनात उभा, त्याला कसलं आलंय दुखणं! हातोडीचा दांडा हलतोय, पाचर मारायला हवी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अशी सगळ्या हत्यारांची विचारपूस करतो. ही दारात उभी राहून बघत होती. "माझी चौकशी कधी?"
"तुला कुठे गंज चढतोय?"
"तेलाचं बोट तरी!" म्हणाली आणि आत गेली.

एक खिळा रिकामा आहे. लेव्हल मास्तरकडे गेलीय. मास्तर म्हणजे शिवणकामाचा मास्तर, शाळेचा नव्हे. मागच्या गल्लीतला, चाळीस वर्षांचा दोस्त. गुरुवारी आला. "मिस्त्री, तुझी लेव्हल दे चार दिवस."
"तुला कशाला? कॉलर तिरकी बसली काय कुणाची?"
"आहे काम."

दिली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या हातात गेली. हातभर लाकडी पट्टी, पितळी टोकं, मध्ये काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की फळी सपाट. जुन्या सामानात सापडली होती. मला गुरू नाही. मोडक्या खुर्च्या उकलून उकलून सुतारकाम शिकलो, म्हणून तिलाच गुरू मानत आलो. ही तिला माझी धाकटी बायको म्हणते.

पंधरा तारखेपासून वाचनालयाचं काम. वीस फुटी भिंत, सात फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. मागून घेतलंय. बहुतेक शेवटचं मोठं काम. तोपर्यंत धाकटी घरी यायला हवी.

५ फेब्रुवारी

मास्तर लेव्हल देऊन गेला. तिच्यासाठी पिशवी शिवून आणली होती, नाडीसकट! "उघडी टांगत जाऊ नकोस, धूळ बसते." बसला नाही. म्हणाला, गुरुवारी मुलीकडे निघायचंय, डोळ्याचं ऑपरेशन आहे. दोन महिने तिकडे. मुलगी तर म्हणते, आता कायमचेच या.

तो गेल्यावर पिशवीतून काढून उजेडात धरली. नळीशेजारची पितळी पट्टी खरवडलेली! बत्तीस वर्षांत मी तिच्यावर नख उमटू दिलं नव्हतं. टेबलावर ठेवून पाहिली — बुडबुडा डावीकडे. खिडकीच्या फळीवर — डावीकडे. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर — डावीकडे! ही सगळी कामं माझ्या हातची, याच लेव्हलवर बसवलेली. घर काय चार दिवसांत कलंडलं?

पाडली. पाडली आणि बोलला नाही! पिशवी शिवून पांघरूण घातलं!

६ फेब्रुवारी

गेलो नाही. तोही आला नाही. जेवताना मीठ कमी म्हणून हिच्यावर ओरडलो. मीठ बरोबर होतं.

७ फेब्रुवारी

गेलो. जायला नको होतं.

मास्तर बॅग भरत होता. सून इस्त्री करत होती. सदऱ्याचं माप द्यायला कुणी एक गिऱ्हाईक आलेलं, दाराशी उभं. मी थेट लेव्हल त्याच्यासमोर धरली.
"ही पडली ना तुझ्या हातून?"
त्यानं लेव्हलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बॅगेत हात घातला. "असेल, बाबा. पडली असेल."
"असेल म्हणजे? सांगायला जीभ झडली होती?"
"चुकलं."
एवढ्यावर थांबायचं की नाही माणसानं! पण माझी गाडी उताराला लागलेली. म्हणालो, "स्वतःची कात्री देतोस कधी कुणाला? नातवानं कागद कापला तर घर डोक्यावर घेतलं होतंस. आणि दुसऱ्याची वस्तू म्हणजे धोंडा!"

सुनेची इस्त्री जागच्या जागी थांबली. कापड जळाल्याचा वास आला. गिऱ्हाईक म्हणालं, मी नंतर येतो. मास्तर एवढंच बोलला, "मिस्त्री, पाणी पी."

मी पाणी न पिता निघून आलो.

८ फेब्रुवारी

दहाची बस. स्टँडवर गेलो नाही. ही गेली, वाटेत खायला डबा घेऊन. परत आली ती थेट मोरीत गेली. मग भांडी घासता घासता म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारत होते. हातोडीचा दांडा बसवला का म्हणाले."

९ फेब्रुवारी

आज दांड्याला पाचर मारताना आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानं मला कात्री दिली होती. त्याच्या मुलीसाठी पाळणा करत होतो, गादीचं कापड कापायला म्हणून मागितली. हाताला लागेल तेच वापरायची माझी खोड — त्याच कात्रीनं मी पॉलिश पेपर कापला. एक नाही, पाच-सहा तुकडे! काचेच्या चुऱ्याचा कागद, आणि शिंप्याची कात्री! परत दिली तेव्हा त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. मी छताकडे बघत होतो. तो म्हणाला, "धार लावायचीच होती."

लावायची नव्हती. दोनच दिवसांपूर्वी लावून आणली होती, मला माहीत होतं.

आणि परवा मी त्याला विचारलं, कात्री देतोस कधी कुणाला. सुनेसमोर. गिऱ्हाइकासमोर. त्यानं एका शब्दानं आठवण करून दिली नाही.

१० फेब्रुवारी

वाचनालयासाठी नवी लेव्हल बघायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जुनी दाखवली, म्हटलं अशीच द्या, ही पडून बिघडली. दुकानातल्या बाईंनी ती काउंटरवर ठेवली. बुडबुडा डावीकडे. मी म्हटलं, "बघा!" बाईंनी ती तिथेच उचलून उलट फिरवली, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा पुन्हा डावीकडेच.

"काका, ही तर खरी आहे."
"खरी कशी?"
"फिरवली तरी बुडबुडा त्याच बाजूला राहिला. लेव्हल खोटी असती तर बाजू बदलली असती. काउंटर तिरका आहे." मग जरा चाचरत म्हणाल्या, "हा काउंटर... तुम्हीच केलाय ना?"

मीच. सतरा वर्षांपूर्वी.

फिरवून बघायचं असतं! एवढी साधी गोष्ट. गुरू असता तर पहिल्याच दिवशी टपली मारून शिकवली असती. मी बत्तीस वर्षं ती एकाच तोंडानं धरली, डाव्या टोकावरचं पितळी फूल डावीकडे, कारण तशी दिसायला छान दिसते.

बाईंनी पाणी दिलं. ते मात्र प्यायलो.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस घरोघर हिंडतोय. लेव्हल पिशवीत, पिशवी काखेत. काहीतरी निमित्त काढून आत शिरायचं, माझ्याच जुन्या कामावर लेव्हल टेकवायची, फिरवायची. सगळीकडे डावी बाजू वर, उजवी खाली. बोटभर, कुठे दीड बोट. सगळी घरं मिळून एकाच बाजूला खचली असतील का? नाही. लेव्हल तेव्हा खोटी होती. आज खरी आहे.

बालवाडीच्या बाई हसून म्हणाल्या, "आमच्या पेन्सिली नेहमी उजवीकडेच घरंगळतात. पोरांना सांगितलंय, पेन्सिल हरवली की उजव्या टोकाला शोधायची!" कंपाउंडर म्हणाला, "कपाटाचं दार आपोआप उघडतं, मला वाटलं तुम्ही मुद्दाम सोय केलीय." डेअरीवाल्याने तर फळीच्या उजव्या टोकाला लाकडी पट्टीच ठोकलीय, बरण्या खाली येऊ नयेत म्हणून.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! मला सोडून. आणि मी रस्त्यानं चालताना मान ताठ!

पण खोटी लेव्हल खरी झाली कशी? विचार करकरून डोकं पिकलं. मग लख्ख प्रकाश पडला — पडली म्हणून! आमचा जुना रेडिओ नाही का थापटी मारली की बोलायला लागायचा. मास्तरच्या हातून पडली आणि नळी जागेवर आली. नशीब एकेक!

हिला सांगितलं. ही म्हणाली, "पडली असं ते म्हणाले कुठे? पडली असेल म्हणाले."

बायकांना शब्द धरून बसायची सवय.

१३ फेब्रुवारी

मास्तरला पत्र टाकलं. चांगलं दोन पानी. डोळ्याची चौकशी केली, मुलीची, जावयाची, नातीची केली. मग लिहिलं, की जे झालं ते बऱ्यासाठीच झालं, तुझ्या धांदरटपणानं माझी लेव्हल सुधारली! मी मनात काही ठेवलेलं नाही, तूही ठेवू नकोस. तुला माफ केलं.

कात्रीचं लिहिणार होतो. पानं संपली.

पेटीत टाकल्यावर हलकं वाटलं. दोन गल्ल्या चालेपर्यंतच.

१५ फेब्रुवारी

वाचनालयात पहिली फळी बसवली. दहा वेळा लेव्हल फिरवून बघितली. अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, आज भारी सावकाश!" त्यांनी फळीवर एक गोटी ठेवली. गोटी हलली नाही. त्यांनी टाळी दिली. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. लेव्हल पूर्वीसारखी खोटी असती तर वीस फुटांत उजवं टोक वीतभर खाली गेलं असतं, सगळ्यांच्या नजरेसमोर, मी मेल्यानंतरही.

१६ फेब्रुवारी

मास्तरच्या सुनेनं बोलावलं, मोरीचं दार अडकतंय म्हणून. सांगायला तिनं स्वतः यावं, त्या दिवसानंतर! रंधा मारून दिलं. निघताना समोरच्या भिंतीवर माझी फळी दिसली, तिच्या लग्नाच्या वर्षी बसवलेली. वर लंबकाचं घड्याळ. न राहवून लेव्हल टेकवली. तीच गत, उजवी बाजू खाली. आणि घड्याळ मात्र ताठ उभं!

घड्याळाखाली एक छोटी गादी होती. उचलून पाहिली. एका कडेला कागदाइतकी पातळ, दुसरीकडे बोटभर जाड. काठाला बारीक टीप, चारी कोपरे दुमडून. असली टीप कुणाची ते मला सांगायला नको.

"ही कधीपासून आहे?"
"मी या घरात आल्यापासून. घड्याळ सारखं बंद पडायचं, तेव्हा घड्याळवाल्यानं सांगितलं होतं, फळी तिरकी आहे. मग बाबांनी ही शिवली. आम्हाला बजावलंय, पुसायला घड्याळ काढलं तर गादी पहिली लपवायची, मिस्त्री केव्हाही येतो." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

चौदा वर्षं! चौदा वर्षं मी त्या फळीखाली बसून चहा पीत आलोय. दरवेळी मान वर करून म्हणायचो, "बघ, अजून तस्सूभर हलली नाही!" आणि तो म्हणायचा, "तुझा हात आहे, मिस्त्री."

गादी होती तशी परत सरकवली. दोनदा तिरकी बसली.

१८ फेब्रुवारी

बाजारात घड्याळवाल्यानं हाक मारली. "काय मिस्त्री, लेव्हल आता बरोबर चालते ना?"

आता?

"सांगू नको म्हणाले होते मास्तर, पण विचारल्याशिवाय राहवेना. नळी सरळ करायला घेतली तर स्क्रू पार गंजलेले, सोडवताना पितळ जरा खरवडलं. तीन दिवस स्टुलावर बसून होते माझ्यापाशी. धड दिसत नाही, तरी घटकेघटकेला, पुन्हा फिरवून बघ, पुन्हा फिरवून बघ! वाचनालयात चारचौघांत माझ्या मिस्त्रीचं हसं व्हायला नको, म्हणाले."

परवाच मास्तरचं ऑपरेशन झालंय. डोळ्यावर पट्टी. म्हणजे ते माफीचं पत्र मुलीनं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं असणार.

पोस्टातच उभ्या उभ्या कार्ड लिहिलं. खाडाखोड झाली तरी तसंच टाकलं —

मास्तर, पहिलं पत्र फाड. गादी पाहिली. घड्याळवाला भेटला. पॉलिश पेपर मीच कापला होता, तुझ्या कात्रीनं. डोळा कसा आहे? दुखतो का? मुलीला सांगून लिही, दोनच ओळी लिही, शिव्या लिही, पण लवकर लिही.