हिरव्या घडांची टोपली

रत्नागिरी, फाल्गुन वद्य तृतीया, शके १८५५

सकाळी आगबोटीतून उतरलो. नाशिकचे चार दिवस डोक्यातून जात नाहीत, आणि ती हिरवी टोपलीही.

कुसुमच्या सासऱ्यांच्या बागेत द्राक्षांची तोड चालली होती. मीही हौसेनं कात्री घेतली. आपल्याकडे हापूस कच्चाच उतरवून गवताच्या अढीत पिकवतात. तसंच असेल म्हणून मी हिरवे, टणक घड शोधशोधून कापले. वर टोपलीत गवत पसरलं! कुसुम धावत आली. "अप्पा, काय हो केलंत हे? द्राक्षं वेलीवरच पिकतात, तोडल्यावर नाही!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या सासरी ही शोभा! व्याही टोपलीकडे बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. "अप्पासाहेब, आता सांगूनच टाकतो. गेल्या साली तुम्ही पाठवलेली हापूसची पेटी... आंबे हिरवे दिसले, म्हणून आम्ही सगळ्यांचं लोणचं घातलं."

हापूसचं लोणचं! कुसुम तेव्हा इथे माहेरी होती, त्यांना सांगणार कोण? आणि मी वर्षभर कुढतोय, आंबे गोड लागले असं एक अक्षर का नाही आलं!

जेवताना ती बरणी निघाली. खोटं कशाला लिहू, दोनदा मागून खाल्लं. माझ्या हिरव्या टोपलीचंही विहीणबाईंनी लोणचंच घातलं. त्याची बरणी समोर आहे.

यंदाच्या पेटीत चिठ्ठी घालायची: आंबे आठ दिवस अढीत ठेवा.

की नकोच घालू?