ठेव

पूर्णा, ता. भिवंडी
दि. १५ फेब्रुवारी २०२६

सौ. मनालीताईस,
करिष्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. होळीला येतेयस, आईला महिनाभर सुरतेला घेऊन जायचं म्हणतेयस, वाचून आनंद झाला. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. इकडे सगळं ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे. परसातला वाल यंदा बरा आला, ती ओटीवर बसून शेंगा सोलत असते. आपल्या शेताच्या जागेवर आता तिसरं गोडाऊन उभं राहिलंय. तू आलीस की रस्ता ओळखणार नाहीस.

यायच्या आधी एक गोष्ट कानावर घालायची आहे. तुमच्याकडे गीतजमेचा नियम अजून आलेला नाही, म्हणून नीट सांगते. साठीच्या वरच्या माणसांनी तोंडपाठ असलेली सगळी गाणी जमा करायची. घरटी एकच गाणं जवळ ठेवायची मुभा. जमा केल्याचा दाखला नसेल तर दवाखान्यात केसपेपर निघत नाही. मी कामाला आहे ते गाण्यांचंच गोडाऊन. माणसाला काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, तो गाणं एकदा म्हणतो. हेडफोन काढला की गाणं गेलेलं असतं, आणि त्या गाण्याला जे चिकटलेलं असतं तेही. शेजारच्या लडकूकाकांनी त्यांच्या हळदीतलं गाणं दिलं आणि घरी येऊन काकूंना विचारलं, "तुमी कोनाकडं आयलाव?" शब्द काढून टाकलेल्या चाली मग कशेळीच्या शेडांत हमालांच्या कानात दिवसभर वाजवतात. त्यांना गाव आठवत नाही, ते सुट्टी मागत नाहीत. डब्यांवर स्टिकर लावायचं काम माझं आहे. बसून करायचं काम आहे, बरं आहे.

आईची पाळी डिसेंबरात आली. हळदीची, गौरीची, लावणीची, सगळी गाणी तिने निमूट दिली. शेवटी दोन पाळणे उरले. आपल्या बारशांना तिने स्वतः रचलेले, एक तुझ्या नावाचा, एक माझ्या. दोन्ही म्हणून झाले होते, बटण दाबतील तो जाणार, एकच राहू शकत होता. तिथे एका शब्दाने घोटाळा केला. फॉर्मवर दोन रकाने असतात, 'ठेव' आणि 'सूट'. ठेव म्हणजे जमा केलेलं, सूट म्हणजे माणसाजवळ राहिलेलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "थोरलीचा ठेव." मशीनवरची बाई आझमगढची, तिने ठेव ऐकलं आणि तुझा पाळणा ठेवीत टाकला. नशीब.

ताई, एवढंच लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. नातेवाइकांना मी हेच सांगते आणि सगळे त्या आझमगढवालीला शिव्या घालतात. आज पाकीट फोडलं आणि पुढचं लिहायला बसले.

त्या बाईने मला विचारलं होतं. बटण दाबायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, ठेव मतलब जमा ना?" मी म्हटलं, "हां, जमा." ती बिचारी पुन्हा म्हणाली, "पक्का? अम्मा से पूछ लो." मी म्हटलं, "पूछा. आप करो." आई काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसत होती.

अकरा वर्षं तिचं दुखणंखुपणं मी काढलं. अकरा वर्षं ती संध्याकाळी दिवा लावून तुझा पाळणा म्हणायची. माझा एकदाही नाही. तू वर्षातून दोन फोन करायचीस आणि ती ते दोन फोन वर्षभर पुरवून खायची. मला राग होता, अजून आहे. तुझ्यावर किती आणि तिच्यावर किती, ते मला ठाऊक नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. आई नुसतं "थोरलीचा ठेव" म्हणून थांबली नव्हती. ती म्हणाली, "थोरलीचा ठेव. धाकली त माजे जवलच हाय. तिला गान्याशिवाय पन इसरनार न्हाय." हे मी ऐकलं, नीट ऐकलं, आणि तरी "हां, जमा" म्हटलं.

आता ती दिवसभर माझाच पाळणा म्हणते. मला बरं वाटतं. लाज वाटायला हवी होती, वाटत नाही.

तू येऊन पाळणा म्हणून दाखवशील, तिला आठवेल, असं मनात आणू नकोस. मी म्हणून पाहिला. शेंगा सोलता सोलता तिने ऐकला, म्हणाली, "कोनाचा गो? बरा हाय," आणि पुढची शेंग घेतली. तुझ्या लग्नाचा फोटो दाखवला तर विचारलं, "ही पोर कोनाची?" खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, लडकूकाकांच्या नात्यातली आहे. डबाही परत मिळणार नाही. तो मीच स्टिकर लावून गाडीत चढवला.

तेव्हा होळीला ये, नको कशाला म्हणू. पण दारात आल्या आल्या तिच्या गळ्यात पडू नकोस, अनोळखी बाई अंगावर आली की ती घाबरते. तिला मावशी म्हण. सुरतेची पाहुणी आहे असं मी सांगेन. ती तुला चहा देईल, पोरंबाळं किती विचारेल, आणि मला हाक मारून तुला सांगेल की देवाने एकच दिली, पण सोन्यासारखी दिली. तेव्हा मान डोलव आणि रडू नकोस.

कळावे.
हौसाबाईंची एकुलती एक,
करिष्मा