हॉबर्ट ग्रिअरचा सॅक्सोफोनवाला

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
१९ ऑक्टोबर २००६

प्रिय धर्मराज,

दादाचा जय भीम. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. दीक्षाभूमीवर यंदा पन्नासाव्या वर्षाची गर्दी फार झाली म्हणे. तुझे पाय सुजले नाहीत ना? माझ्या बीपीच्या गोळ्या अकरा दिवसांच्या उरल्या आहेत. अनुप म्हणतो, "बाबा, टेन्शन नका घेऊ, मी रिफिल करतो." पण ऑफिसला गेला की तो विसरतो. हे पाकीट तुला बंद मिळेल की फुटलेलं, कोण जाणे. तिकिटं दोन जास्त लावली आहेत.

इथं एक बँडमास्तर वारला. त्याचं सांगायचं आहे.

हर्षिता आता सोळाची झाली. शाळेचे सेवेचे तास भरायला ती दर मंगळवारी दुपारी म्हाताऱ्यांच्या निवासात जाते. मी घरात एकटा असलो की गॅस, दार, नळ तपासत फिरतो, म्हणून सूनबाई मलाही नातीबरोबर पाठवू लागली. तिथं हॉबर्ट ग्रिअर भेटला. काळा माणूस, वय ब्याण्णव. मी बँडवाला आहे हे कळल्यावर त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. तो बोलायचा, हर्षिता मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगायची.

त्याचा बाप न्हावी. एकविसाव्या वर्षी यानं अकरा माणसं जमवून नाचाचा बँड काढला. तेव्हा इकडं स्विंग नावाच्या नाचाच्या संगीताचं वेड होतं. पांढरे कोट, जुनी बस. तंबाखूच्या रिकाम्या गोदामात हजार माणूस नाचायचं, मधोमध दोर बांधून. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. तो दोर मला समजावून सांगावा लागला नाही. हॉटेलात खोली मिळत नसे, बसमध्येच झोपत. लढाईवर निम्मे वादक गेले, आणि जे परत आले त्यांना लोकांची आवड बदललेली दिसली. १९४९ साली बँड मोडला. ग्रिअरनं पुढं अठ्ठावीस वर्षं एका शाळेच्या फरशा पुसल्या.

त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. तो पुढं उभा राहून काठी हलवायचा, हसायचा. गाणी रचायचा आणि बसवायचा लेलंड टेट नावाचा सॅक्सोफोनवाला. पत्रकावर गाणी ग्रिअरच्या नावानं जायची. एक दिवस टेट बँड सोडून गेला.

ऑगस्टमध्ये लायब्ररीतली एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन त्याचं आयुष्य उतरवून घ्यायला आली. टेट का गेला, असं तिनं विचारलं. ग्रिअर म्हणाला, दारू. ती गेली. मग तो हर्षिताला म्हणाला, लेलंडनं जन्मात थेंब घेतला नाही, गाण्यांवर स्वतःचं नाव मागत होता. हर्षिता म्हणाली, ती अजून पार्किंगमध्ये असेल, बोलावते. त्यानं डोळे मिटले. लेलंड मरून वीस वर्षं झाली, म्हणाला.

गाडीत हर्षिता रागानं लाल झाली होती. "आजोबा, हाऊ कॅन ही डू दॅट? टेटची मुलगी इथेच राहते ना." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

सप्टेंबरात तो वारला. गावच्या पेपरात अर्धा रकाना आला. त्यात टेटचंही नाव होतं, दारूपायी वाया गेलेला गुणी वादक म्हणून.

धर्मा, १९६९ साली पोलिसांच्या बँडचे साहेब कामठीच्या वरातीत तुझं क्लॅरिनेट ऐकून गेले होते. दोन दिवसांनी मला चहाच्या टपरीवर भेटले. तुझ्यासाठी पक्की नोकरी होती, क्वार्टर होतं. भाऊ कसा आहे, विचारलं. मी म्हणालो, "साहेब, हात चांगला आहे. पण संध्याकाळनंतर त्याचा भरवसा नाही."

दारूचं नाव घेतलं नाही. इतकी वर्षं मी तेवढ्यावरच मनाची समजूत घातली. ते अर्धा चहा टाकून निघून गेले. तू एकदा सिनेमा पाहून यायचास आणि सकाळी सगळ्यांना चाल बसवून द्यायचास. तू गेला असतास तर आपल्या बँडच्या ड्रमवर माझं नाव उरलं असतं, आणि वाजवायला काही नसतं.

टपरीवर चार माणसं ऐकत होती. महिन्याभरात ते तुझ्या सासरी, गिरजाबाईच्या माहेरी पोचलं. मग कितीतरी वर्षं तू कामावरून आलास की बायको तुझ्या तोंडाचा वास घ्यायची. तू उंबऱ्यात तोंड उघडून उभा राहायचास. मी ओसरीवरून पाहिलं आहे, आणि पान लावत बसलो आहे.

तू कधी दारूला शिवला नाहीस. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

हर्षिताला सांगितलं. गेले दोन मंगळवार ती एकटीच जाते.

इथवरच्या पत्राची नक्कल मी आपल्या विहाराच्या सेक्रेटरींना पाठवली आहे, रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांसमोर वाचायला. ती कालच पेटीत टाकली, म्हणजे हे टाकताना माझा हात थांबला तरी उपयोग नाही. अक्षर वाईट आहे, पण लागेल त्यांना.

तुला तिथं बसवत नसेल तर जाऊ नकोस. गिरजाबाईला मात्र पाठव. अगदी पुढं बसव म्हणावं, तिला आता कमी ऐकू येतं.

तुझा भाऊ म्हणवून घेत आलेला,
तुळशीराम