रिबीन कोणी कापायची

जळगाव

प्रिय एबो,

परवा फोनवर मी तुला सरळ नाही म्हटलं, त्याचा राग आला असेल. येऊ दे. तुझ्या घानात यायचं, मोठमोठ्या लोकांसमोर केळी धुऊन खोक्यांत भरायच्या तुझ्या पॅकहाउसची रिबीन कापायची, आणि ती कोणी, तर जळगावात खाणावळ चालवणाऱ्या कमलअक्कानं! आई यायला तयार नाही, म्हणून तुम्ही या, असं तू म्हणालास. फोन ठेवला आणि त्या दिवशी निम्म्या पोळ्या करपवल्या. जेवायला आलेली पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

तू इथं केमिकलचं शिकायला आलास, त्या पहिल्या दिवशी माझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटलंस. शेवभाजीच्या पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, तरी दुसरी वाटी मागितलीस. तेव्हाच मी म्हटलं, हे पोरगं टिकतं. माझ्याकडे बसून मराठी शिकलास, वाचायलाही लागलास. आता हे पत्रही अडखळत का होईना, पण वाचशीलच.

आणि रावेरची ती भरीत पार्टी! आपल्या धनसिंगभाऊच्या केळीच्या मळ्यात कपाशीच्या काड्या रचून वांगी भाजायला ठेवली आणि तू मदत म्हणून वरून रॉकेल ओतलंस. भडका काय उडाला! ती वांगी गाईनंही हुंगून सोडली. पुढं तू समुद्रातून तेल काढणारा इंजिनीअर झालास, तेव्हा भाऊ म्हणाला, "होईलच ना, त्यानं तं वांग्यातही तेलच ओतलं होतं!"

पण त्याच मळ्यात तू आणखी एक गोष्ट पाहिलीस, ती मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. कापलेला घड भाऊ खांद्यावर घेऊन चालायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. तू एक घड खाली ठेवलास तर केवढ्यानं ओरडला होता, "लेकरू हाये ते, भुईवर नको ठेवू!" तुमच्याकडे घड ट्रकमध्ये फेकतात आणि बाजारात जाईस्तोवर निम्मे काळे पडतात, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. तरी केळीसाठी तेलाची एवढी नोकरी सोडलीस तेव्हा मीसुद्धा म्हटलं, भरल्या ताटावरून उठला मुलगा. आता तुझे खोके जहाजानं परदेशी जातात. तुझी माणसं खांद्यावर फोम टाकून घड नेतात, तो फोटो भाऊनं अख्ख्या गावाला दाखवला. मी आलेल्या-गेलेल्याला दाखवते. अभिमानानं ऊर भरून येतो रे.

म्हणूनच नाही म्हटल्यावरही मला मोह झाला होता. कात्री माझ्या हातात, टाळ्या, फोटो. खोटं कशाला बोलू? पण रात्री चूल विझवताना तू फोनवर सांगितलेलं तुझ्या आईचं बोलणं आठवलं. रस्त्याच्या कडेला आयुष्यभर केळी भाजली, अंगाला धुराचा वास येतो, त्या लोकांत मी कशी उभी राहू, असं ती म्हणाली ना? अरे, त्या धुरावरच तू शिकलास! तिला घरी ठेवून मी कात्री धरली तर मला अन्न गोड लागणार नाही.

धुळ्याच्या माझ्या बहिणीला, ताईबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "येडी शे का तू? ह्या वयात इमानमा बससी?" विमानात बसणार आहे. माझ्या लेकानं, भूषणनं, पासपोर्टचं काम सुरू केलंय. पण रिबीन तुझी आईच कापेल. तिला एवढंच सांग, भारतातून एक बाई येतेय, तिच्या लुगड्यालाही चुलीचा वास आहे, ती तुझ्या शेजारी उभी राहणार आहे.

तुझीच,
कमलअक्का