गणूला घातलेली शपथ

प्रिय आई,

काल नारळी पौर्णिमा झाली. माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघालीत, खोबरेल चोपडून बसलोय आणि पेन्सिल नीट धरवत नाही. तरी आजच लिहिणार. उद्या राग ओसरला तर तुला बोलायचं ते राहून जाईल, आणि ते मला राहू द्यायचं नाही.

हो, राग! तुला जाऊन सहा महिने झाले. चार महिने मी रडलो आणि पुढचे दोन महिने तुझ्यावर नुसता धुमसत होतो. गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? भांडायला समोर कुणी नको?

गणूने मला सगळं सांगितलं, आई. आपल्या शेजारचा गणू, रापणीवरच्या माणसांचा म्होरक्या, तांडेल, ज्याला तू माझ्याबरोबर पेज वाढून वाढवलंस, तोच.

पण आधी रापणीचंच बोलतो, कारण सुरुवात तिथून आहे. अडीच वर्षांचा असताना ताप आला नि माझे पाय गेले. तरी रापण लागली, ते लांबच लांब जाळं किनाऱ्याकडे ओढायची वेळ आली, की तू मला कडेवर घेऊन किनाऱ्यावर धावायचीस. आपल्याकडची रीतच आहे, 'जेचो हात दोराक, तेका वाटो.' जो ओढू लागेल त्याला मासळीचा वाटा. तू मला दोराजवळ न्यायचीस, माझा हात धरून दोराला टेकवायचीस आणि म्हणायचीस, "लावलंस मा हात? झाला! आता बस थंय होडयेच्या सावळेत." मग तू दोघांची ओढ एकटी ओढायचीस. वाटे पडले की माझ्या नावाचे बांगडे टोपलीत यायचे. कुणी नाही म्हणायचं नाही. पण मला ते बांगडे गोड लागायचे नाहीत, हे तुला कधी कळलंच नाही का गं?

मोठा झालो तो जाळी दुरुस्त करत. बसून करायचं काम, त्यामुळे पाय सुकले तरी हात लोखंडासारखे झाले. पंजा लढवताना गणू माझ्याकडून तीनदा हरलाय, हे तुला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तिथेच माझं चुकलं बहुतेक.

केणीबाई आपल्या घरी पहिल्यांदा आल्या तो दिवस आठवतो? मुंबईच्या इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढून गावी परतलेल्या. अपंगांनीही खेळायला मैदानात उतरावं म्हणून त्यांनी स्वतःच्या पडवीत मंडळ काढलं होतं. तू त्यांना चहासुद्धा विचारला नाहीस. दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझो झील काय माकडाचो खेळ आसा? लोकांनी हसाचा म्हणान तेका नेतास?" बाई शांतपणे म्हणाल्या, "हसतील. पहिल्या वर्षी हसतीलच." आणि पायरीवर बसून राहिल्या. शेवटी तूच चहा आणलास.

त्या बाईंनी मला सुके नारळ कमरेला बांधून समुद्रात ढकललं, आई! तिशीच्या घोड्याला! गटांगळ्या खाल्ल्या, शिव्या घातल्या आणि महिन्याभरात पोहायला लागलो. पुढे आमचा रस्सीखेचीचा आठ जणांचा संघ झाला. कुणाला पाय नाहीत, कुणाला ऐकू येत नाही, आणि दोराच्या शेवटी डोळ्यांनी अधू असलेला भिकाजी. 'हैसा' त्याने म्हणायचं आणि आम्ही ओढायचं. बाईंनी उत्सव समितीशी भांडून नियम करून घेतला की आमच्याशी खेळताना समोरच्यांनीही वाळूत बसूनच ओढायचं. मग पाय असले काय नि नसले काय!

आणि गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला बंदरावर आम्ही गणूच्या संघाला हरवलं. दोन्ही खेचींत! ढाल मिळाली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि तू पदराने डोळे पुसत उभी होतीस. तुला आनंदाचं रडू आलंय असं मला वाटलं. मी किती खुळा!

भिकाजी तेव्हाच माझ्या कानाशी येऊन म्हणाला होता, "वासू, ह्यो ओढलेलो दोर न्हय. ह्यो सोडलेलो आसा." मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, आंधळ्याला जिंकलेलं दिसतही नाही. असलं घाणेरडं बोललो मी त्याला! तो गप्प बसला. भलेपणाने गप्प बसणाऱ्यांचं आपल्या गावात पीकच आहे.

तेव्हापासून मी गणूला टोमणे मारत होतो. चहाच्या दुकानात, होडीवर, दिसेल तिथे. 'काय तांडेलानू, वाळूची चव कशी होती?' तो नुसता हसायचा. ज्येष्ठात होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, त्याची पोरं बाजूला खेळत होती, आणि मी म्हटलं, "तुझे हात आसत की केळीचे सोपट?" तेव्हा त्याचा तोल गेला.

"वाळू मी खाल्लंय ती तुझ्या आवशीपायी!" तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणला. "पौर्णिमेच्या आदल्या दिसा काकी इली. माझो हात आपल्या डोक्यार ठेवल्यान. म्हणाली, गणू, तुका माझी शपथ आसा. माझ्या झिलाक हरवू नको. तेना जल्मात कायेक जिंकल्यान नाय."

मी विचारलं, "मगे आधी कित्याक सांगलंस नाय?"

"शपथ मोडूची कशी रे? तिका कायव झाला असता तर?"

त्याने शपथ पाळली, आणि तरीही माघातल्या तापात तू गेलीस. आता मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो बोलला.

आई, तू असं का केलंस? तू माझा हात पुन्हा दोराला टेकवलास आणि मला सावलीत बसवलंस! जन्मात काही जिंकला नाही, असं तू दुसऱ्याच्या डोक्यात घातलंस? मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की मला जिंकायचं होतंच, पण त्याहून ओढायचं होतं.

मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. दोघेतिघे म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडायची? लोक हसतील, मंडळ बुडेल. केणीबाईंनी भिकाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "ती ढाल मी कधी हातात धरलंय नाय." बाई उठल्या, खुंटीवरून ढाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तूच नेऊन दे," म्हणाल्या.

ढाल परत करायला गेलो तर समितीवाले कळवळले. यंदा कशाला त्रास घेता, व्यासपीठावर बसा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मी म्हटलं, श्रीफळं आमच्या परड्यात झाडावर आहेत, आम्हाला दोर द्या. आणि गणूच्या माणसांना सांगून आलो, यंदा कुणी हात सैल सोडला तर रापणीचं एक जाळं शिवणार नाही. बसा फाटकी जाळी उन्हात घालून! ही शपथ तुझ्या शपथेपेक्षा जड होती बघ.

आता कालचं ऐक.

पहिली खेच दहा आकडे मोजेपर्यंत संपली. आम्ही हरलो. असे हरलो की माझं तोंड वाळूत गेलं. आजूबाजूला 'अरेरे' झालं आणि गर्दीतून गणूची म्हातारी आते ओरडली, "सोड रे गणू, पापी खंयचो! गरिबांका कित्याक छळतंस?" गणूने तिथूनच उलट हाक दिली, "गप रव गो आते! हे गरीब न्हय!" मी वाळू थुंकत हसलो. इतक्या वर्षांत कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

दुसऱ्या खेचीला भिकाजीने हैसा म्हटलं आणि दोर जागचा हलेना. आमच्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही. हात जळत होते, समोर गणूच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग बोटभर आमच्याकडे आला. मग आणखी बोटभर. मागून भिकाजी ओरडला, "वासू, आता ह्यो ओढलेलो!" आणि आई, आम्ही त्यांना रेषेपार आणलं. सगळेच्या सगळे, गणूसकट!

तिसऱ्या खेचीला आमच्यात जीव उरला नव्हता. हरलो. ढाल गणूकडे गेली. तो सरपटतच माझ्याकडे आला, उठायचं भानही नव्हतं त्याला, आणि दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. कातडं सोलवटून रक्त आलं होतं. "बघ," म्हणाला, "हेच्यात काकीची शपथ खंय दिसता?" मी माझे हात त्याच्या हातांशेजारी धरले. मग आम्ही दोघेही रडलो, बंदरावर, सगळ्यांदेखत. नंतर मी भिकाजीचे पाय धरले, तर म्हणतो कसा, "सोड, आता पाय ओढतंस काय?"

आता एक कबुली, म्हणजे हिशोब सरळ होईल. बाबा गोदीत होते तेव्हा त्यांची मुंबईहून पत्रं यायची आणि तुला मी वाचून दाखवायचो. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'तुझी आठवण येते' असायचं ना? ते बाबांनी कधीच लिहिलं नव्हतं, आई. ते मी वाचायचो. तू म्हणायचीस, "शेवटचा परत वाच." मी परत वाचायचो. म्हणजे मीही तुझा हात दोराला टेकवतच होतो. तुला कळलं होतं का गं? कळूनच परत वाचायला सांगायचीस का?

म्हणून आज रागही संपवतो. पण वचन देतो ते ऐकून ठेव. परवा पहिली रापण लागेल. मी दोराच्या रांगेत शेवटी बसणार आणि जाळं वाळूवर येईपर्यंत हात काढणार नाही. माझा हात कुणी धरून लावायचा नाही. जो वाटा पडेल त्याचं तिखलं करून पहिलं पान तुझ्या नावाने ठेवीन, आणि या वेळी मीही पोटभर जेवेन. पुढच्या पौर्णिमेला ढाल आणायची आहेच. केणीबाईंनी आजपासूनच सराव लावलाय, हातांना फोड असले तरी. आपल्या वाडीत ताप येऊन पाय गेलेली आणखी दोन मुलं आहेत, त्यांच्या आयांनाही मी दारात बसून पटवणार आहे. चहा मिळेपर्यंत उठणार नाही.

हे पत्र आता किनाऱ्यावर नेऊन तुला मोठ्याने वाचून दाखवतो. जसं लिहिलंय तसंच, शब्द न गाळता, न घालता.

तुझी आठवण येते. हे खरंच लिहिलेलं आहे, आई. हवं तर परत वाचतो.

तुझो झील,
वासू