नांदेडात न मिळणारी स्प्रिंग

नांदेड

प्रिय राजकन्या,

पत्र बघून दचकली असशील. आप्पाच्या हातात पान्याऐवजी पेन, आणि तेही तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर. तुझी आई खुशाल आहे, माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, मरणाबिरणाची बातमी नाही. बातमी तुमच्या गाडीची आहे. धोंड्याला आलात तेव्हा भारतराव ती माझ्या गॅरेजवर सोडून गेले आणि तुम्ही दोघं एसटीनं लातूरला परतलात. आता येत्या रविवारी त्यांना ती हवी आहे, तुला घेऊन तिरुपतीला जायचं म्हणतात. रोज फोन येतो. आणि मी अजून इंजिनचं हेड बंद केलेलं नाही. गाडी द्यावी की न द्यावी, या एका गोष्टीपायी माझं जेवणावरून मन उडालं आहे.

गाडी ओढत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. हेड उतरवलं, प्रत्येक व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे पुठ्ठ्यात टोचून ठेवला, स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुतल्या आणि काचेवर उभ्या केल्या. शाळेतून आल्यावर हे काम तू माझ्या हातातून हिसकावून घ्यायचीस, आठवतं? काचेवर रांग लावायची, वरून पट्टी ठेवायची आणि जी बुटकी निघेल तिला नापास करून बाजूला काढायची. मग गुण्या लावून कोणती तिरकी उभी आहे ते बघायचं. या वेळी पट्टी ठेवली तर जवळजवळ सगळ्याच नापास. तरी खात्री करावी म्हणून एक नवी आणि एक जुनी समोरासमोर वाइसच्या जबड्यात धरली, मध्ये वायसरची चकती ठेवली आणि आवळत गेलो. नवी जेमतेम हलली. जुनी मुकाट्यानं दबत गेली. तुमची गाडी काही म्हातारी नाही. इतक्या लवकर स्प्रिंगा मरत नाहीत, गाडी सारखी फाडून चालवली तरच मरतात.

मग व्हॉल्व्ह उजेडात धरले. त्यातल्या दोन व्हॉल्व्हच्या तोंडावर नखाएवढी कोर उमटलेली, आणि पिस्टनवरही तशीच. म्हणजे पिस्टन वर आला तेव्हा व्हॉल्व्ह आपल्या जागी परतलेलाच नव्हता, दोघांची टक्कर झाली. सरळ चालणाऱ्या गाडीत असं होत नाही. भरधाव वेगात कुणी रागानं खालचा गिअर हिसडला आणि थकलेल्या स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता आला नाही, तर होतं. रागानं हा शब्द माझा आहे, इंजिन तेवढं सांगत नाही.

फोनवर मी भारतरावांना आडून विचारलं, गाडी कुठं जोरात पळवली होती का म्हणून. म्हणाले, “मामा, तुमी इंजिन बघा. गाडी कशी चालवायची ते मी बघतो.” मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. दुसरं काय करणार होतो? पंधरा-वीस दिवसांमागं याच हातांनी त्यांना पाटावर बसवून पाय धुतले होते, तुझ्या आईनं अनारशांचं ताट पुढं केलं होतं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला कुणी जाब विचारत नाही. मला तर वाटतं आपण बाकीच्या महिन्यांतही विचारत नाही. नंतर स्वतःचाच इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर फेकला, आणि मग तोच शोधत बसलो.

त्यानंतर मी गाडीत जाऊन बसलो, तुझ्या बाजूला. वरचं धरायचं हँडल एकाच स्क्रूवर लोंबतंय. दाराच्या रेक्झिनवर नखांचे ओरखडे आहेत. आणि मला तो धोंड्याच्या बाजाराचा दिवस आठवला. मी तुला माझ्या जुन्या व्हॅनमधून नेलं होतं, वजिराबादच्या गर्दीत आपण बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो, तरी तू वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होतीस. मी चिडवलं, ही गाडी आहे का विमान गं. तू हसलीस, पण हात सोडले नाहीस. संक्रांतीला कपाळावर टेंगूळ घेऊन आलीस तेव्हा कपाटाचं दार लागलं म्हणालीस, आणि आम्ही दोघांनी मान डोलावली. मला भीती वाटते, राजी.

हे सगळं फोनवरच विचारणार होतो. पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, माझाच आवाज तिकडं घुमताना मला ऐकू येतो. मी काहीही विचारलं तरी तुझं एकच उत्तर, “हाव आप्पा, सगळं बरं हाय.” म्हणून हे पत्र चाकूरला, तुझ्या दवाखान्यात, जिथं ते फक्त तुझ्या हातात पडेल. वाचून फाडून टाक. भारतरावांना मी सांगितलं आहे की एक स्प्रिंग नांदेडात मिळत नाही, हैदराबादहून यायची आहे, तोवर गाडी हलणार नाही. ते खोटं आहे. ती आत्ता माझ्या शर्टाच्या खिशात आहे. पुढच्या फोनवर तू एवढंच विचार, आप्पा, स्प्रिंग मिळाली का? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि तुझी आई तुझ्या दारात असू आणि तुला घेऊनच परतू. लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोड. आणि नाही विचारलंस, तर तुला अजून धीर होत नाही असं मी समजेन, रागावणार नाही. भारतराव रोज फोन करोत, दारात येऊन बसोत, तू विचारेपर्यंत ती स्प्रिंग नांदेडात मिळायची नाही.

तुझाच,
आप्पा