मेलेल्या वळूचा नैवेद्य

पाटण, बेंदराची संध्याकाळ, १९७७

संकरित गाईंची योजना जोरात आहे, वरचे साहेब खूश आहेत. माझंच मन थाऱ्यावर नाही.

लोकांनी बेंदरासाठी सजवलेली वासरं कौतुकानं गुरांच्या दवाखान्याच्या आवारात आणून बांधली होती. गावं वेगवेगळी, पण बाप तोच एक विलायती वळू. प्रत्येकाच्या कपाळावर तीच पांढरी चंद्रकोर.

तेवढ्यात सोनाबाई माजावर आलेली गाय घेऊन आली. सण म्हणून वळूला पुरणपोळीही आणली होती.

"कुठं बांधलाय त्यो?"

मी गोठवलेल्या वीर्याची टाकी दाखवली. वळू गेल्या वर्षीच मेला, हेही बोलून गेलो. कशाला बोललो?

ती रागावली नाही. पोळी तिनं कावळ्यांसाठी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. कावळे आले, बसले, बघत राहिले. एकानंही चोच लावली नाही. मीही खुळ्यासारखा वाट बघत उभा!

शेवटी ती म्हणाली, "मेला असता तर कावळा शिवला असता. जित्ता हाय त्यो, डाक्टर. भरवा गाय."

मला हसू आलं नाही. टाकीचं झाकण काढलं. पांढरी, थंड वाफ बाहेर आली, आणि आवारातल्या सगळ्या चंद्रकोरी एकदम माझ्याकडं वळल्या.